गुळाच्या अडतीचा सेट

मागच्या पावसाळ्यात एका फिल्मचं काम केलं, प्रॉडक्शन डिझाइनर म्हणून, आणि तेही सगळं कोल्हापुरात. नाव सांगत नाही कारण अजून रिलीज व्हायचीय. पण काम कसं झालं ते लिहून ठेवावं असं डोक्यात होतं, कारण कलानिकेतन, दळवीज या इथल्या आर्ट कॉलेजांची पोरं भेटली की एकच विचारतात, दादा तुम्ही नक्की करता काय, म्हणजे सेट सुतार बांधतो, रंग पेंटर मारतो, सामान भाड्यानं येतं, मग तुम्ही? प्रश्न बरोबर आहे. आई पण हेच विचारते, फक्त टोन वेगळा असतो.

गोष्ट १९७१ सालातली. शाहूपुरीतला गुळाचा अडत्या (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा), रस्त्याला लागून दुकान, मागं घर, मधी बारका चौक, तीन पिढ्या एका छपराखाली आणि धंद्यावरून बापलेकांचं वाजलेलं. शाहूपुरी म्हणजे शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारी पेठ, गुळाचा व्यवहार एकेकाळी तिथंच चालायचा, आता सौदे मार्केट यार्डात निघतात आणि पेठेचं रूपच बदललंय, त्यामुळं खऱ्या जागी शूट करायचा विषयच नव्हता. रेकीत, म्हणजे शूटसाठी जागा बघत फिरताना, जुनी घरं बघितली, चांगली होती, पण खऱ्या घराची भिंत काढता येत नाही, कॅमेरा मागं घ्यायला जागा मिळत नाही आणि तिथं माणसं राहतात, त्यांना शेड्युल संपेपर्यंत कुठं पाठवणार? मग ठरलं की दुकान आणि घर मोरेवाडीच्या चित्रनगरीत छताखाली बांधायचं आणि गल्लीचे सीन जवळच्या एका गावात करायचे.

स्क्रिप्ट मी पहिल्यांदा नुसती वाचतो, पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्यांदा ब्रेकडाऊन. म्हणजे प्रत्येक सीनला खोली कुठली, दिवस का रात्र, कोण कुठं बसलंय आणि कोणाच्या हातात काय आहे. स्क्रिप्टमध्ये एक ओळ असते, "आजोबा पत्र वाचतात". झालं, लेखकाचं काम संपलं. आता माझं सुरू, पत्र अंतर्देशीय का पाकीट, कुठल्या शाईनं लिहिलंय, अक्षर कोणाचं, चष्मा कसला, आजोबा गादीवर बसलेत का सोप्यात झोपाळ्यावर, तिथं उजेड कुठून येतो, येत असेल तर खिडकी कुठल्या भिंतीला, आणि खिडकी त्या भिंतीला असेल तर चौक कुठं गेला? एका पत्रावरून अख्ख्या घराचा प्लॅन हलतो हो, आणि तो हलला की बजेट हलतं.

त्यानंतर मी एक यादी करतो ती म्हणजे काय नव्हतं याची. काय होतं ते शोधायला सगळेच धावतात. नव्हतं ते कोणी बघत नाही आणि तेच पडद्यावर घात करतं. उदाहरणार्थ १९७१ च्या पत्त्यावर पिन कोड येणार नाही, तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला. भिंतीवर कालनिर्णय नाही, ते १९७३ पासून. छपरावर टीव्हीचा अँटेना नाही, मुंबईलाच टीव्ही ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाला तर शाहूपुरीत कुठून येणार. गाडीला एमएच ०९ ची पाटी नाही, ती १९८९ नंतरची. ही यादी आर्ट रूमच्या दाराला चिकटवलेली होती, तरी प्रॉडक्शनवाल्यांनी एक दिवस हौसेनं मस्त मेंटेन केलेली चेतक स्कूटर आणून उभी केली, दादा बघा कसली भारी मिळाली! चेतक १९७२ ची. त्या पोराचा चेहरा एवढा उतरला की मीच त्याला चहा पाजला. शेवटी सायकलीच वापरल्या, डायनॅमोवाल्या, आणि खरं तर त्या अडत्याच्या पोराला सायकलच शोभत होती.

आता मुख्य भांडण. पीरियड फिल्म म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना चहा सांडल्यासारखा रंग हवा असतो. भिंती तपकिरी, कपडे तपकिरी, उजेड पिवळा. डिरेक्टर मुंबईचे, माणूस चांगला, पण त्यांनी पाठवलेला मूडबोर्ड, म्हणजे फिल्म कशी दिसावी याच्या नमुना चित्रांचा तक्ता, उघडला तर सगळा मातीचा रंग. मी तेव्हा काही बोललो नाही, म्हटलं आधी बघून येऊ. माझी असिस्टंट राजारामपुरीची पोरगी, ती म्हणाली, "दादा, मी जातो की यार्डात, आमच्या मामांची वळख हाय तिथं." ती गेली आणि एका म्हाताऱ्या अडत्याच्या घरापर्यंत पोचली. घरात जुने फोटो होते, पण सगळे ब्लॅक अँड व्हाइट, त्यावरनं आकार कळतो, रंग कुठला कळायला. मग त्यांच्या घरातल्या आजींना विचारलं. आजी क्षणभर पण थांबल्या नाहीत. दारं पोपटी, भिंती नीळ घातलेल्या चुन्याच्या, खाली कंबरेएवढा ऑईलपेंटचा हिरवा पट्टा, आणि देवघराला दर दसऱ्याला गुलाबी. "आमच्यात कुणाला मळकं आवडायचं न्हाई बाळा," म्हणाल्या, "वर्साला चुना काढायचाच."

हे घेऊन मी मीटिंगला गेलो. माझं म्हणणं एवढंच की १९७१ मध्ये राहणाऱ्या माणसाला १९७१ जुनं नव्हतं. त्याचा रेडिओ परवा घेतलेला असू शकतो. त्याचं कॅलेंडर त्याच वर्षीचं आहे, कोरं आहे. जुने फोटो पिवळे पडले म्हणून ती माणसं काय पिवळ्या घरात राहत नव्हती. आणि दुसऱ्या बाजूनं सगळं नवं पण नसतं, त्या घरात आजोबांच्या लग्नातली पितळी समई असेल, १९५० च्या आसपासचं शिसवी कपाट असेल, गेल्या दिवाळीतली स्टीलची ताटं असतील आणि काल आणलेला डालड्याचा डबा. प्रत्येक वस्तूचं वय वेगळं. सगळ्यावर एकच ब्राऊन वॉश फिरवला की सगळ्या वस्तू एकाच दिवशी जन्मल्या आणि एकाच दिवशी म्हाताऱ्या झाल्या असं दिसतं, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं वाटतंच.

डीओपीला (म्हणजे कॅमेरा आणि लाईट बघणारा) पोपटी दाराची धास्ती होती, चेहऱ्यावर हिरवट उजेड परत येईल म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. मग प्लायच्या तुकड्यांवर वेगवेगळे पोपटी मारले, कॅमेरा टेस्ट घेतली, एकावर आलो, जरासा मेलेला पोपटी, पण पोपटीच. निळा चुना त्यांना एकदम आवडला कारण पावसाळी उजेडात तो चांदीसारखा पकडतो. डिरेक्टर शेवटपर्यंत थोडे नाराज होते असं मला वाटतं. असू दे.

इथं जरा विषयांतर करतो. मी खरी कॉर्नरवरून जाताना तो कॅमेरा स्तंभ दिसतो, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण. कोल्हापुरात सगळ्यांना ते नाव माहीत असतं, पण बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे होते, हे पोरांना सांगितलं की ती चमकतात. रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभा करायचा ही पद्धत मोडून उभे, घन, माणूस आत फिरू शकेल असे सेट लावणाऱ्यांत बाबूराव अगदी पहिल्या फळीतले. त्यांची फिल्म 'सैरंध्री' १९२० ची. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले, मग १९२९ ला इथंच प्रभात निघाली, १९३३ ला पुण्याला गेली, आणि प्रभातच्या त्याच आवारात आता एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आहे जिथं आर्ट डिरेक्शनचा कोर्स शिकवतात. म्हणजे हे काम आपल्याकडं बाहेरून आलेलं नाही, इथनंच गेलंय. तरी पोरगं आर्टला जातो म्हटलं की घरात अजून रडारड होतेच.

मी एफटीआयआयला गेलो नाही. इथंच जी. डी. आर्टचा डिप्लोमा केला, पेठेतल्या मंडळांचे गणपतीचे देखावे केले, आणि मग गोरेगावला फिल्मसिटीत असिस्टंटच्या असिस्टंटचा असिस्टंट म्हणून लागलो. पहिलं काम चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळत घालणं. कॉलेजात पर्स्पेक्टिव्ह शिकवलं होतं, पण फ्लॅटला, म्हणजे सेटच्या सुट्या भिंतीला, मागनं टेकू कसा द्यायचा, दार उघडताना अख्खी भिंत थरथरू नये म्हणून काय करायचं, हे सेटिंगच्या मिस्त्रींनी शिकवलं, त्यातले बरेच उत्तर प्रदेशचे, आणि शिकवायची पद्धत म्हणजे शिव्या. पगार उशिरा, खोली शेअरिंगमध्ये, झोप कमी. असिस्टंट, मग आर्ट डिरेक्टर, मग स्वतःचं काम, यात वर्षं गेली आणि मधला काळ असा होता की फोनच वाजत नव्हता. ज्याला दर महिन्याला पैसे लागतात त्यानं विचार करून यावं, मी गोड बोलत नाही.

असो. सेट. प्लॅन कॉम्प्युटरवर केला पण सोबत पुठ्ठ्याचं मॉडेल पण केलं, कारण स्क्रीनवर सगळे मान हलवतात आणि पुठ्ठ्यात बोट घालून बघितल्यावर खरं बोलतात. डीओपीनं बोट घातलं आणि म्हणाला माजघराची मागची भिंत निघाली पाहिजे. म्हणजे ती भिंत चाकावर. मग त्या भिंतीला फडताळ नको, जड काही नको, फक्त खुंटी आणि कोनाडा. छत पूर्ण करायचं नाही कारण वरनं लाईट येणार, तुळया फक्त कॅमेऱ्यात येतील तेवढ्याच, त्या पण पोकळ. बांधकाम लाकडी फ्रेमवर प्लाय, वर पीओपी, भुसा आणि फेविकॉलचा गिलावा. दारं मात्र खरी, जुन्या सामानवाल्याकडनं भाड्यानं, कारण जुन्या सागवानी दाराची कडी लावताना जो आवाज येतो तो प्लायला येत नाही आणि फिल्म सिंक साउंडची होती, म्हणजे शूटच्या वेळचाच आवाज वापरायचा. त्याच कारणानं साउंडवाला पहिल्याच दिवशी बोंबलला, फरशी पोकळ वाजते! बरोबर, खाली प्लॅटफॉर्म होता. मग नट जिथं चालतात तेवढ्या पट्ट्यात खालनं वाळूची पोती भरली आणि वर खऱ्या शहाबादी फरश्या टाकल्या. बाकीचा भाग रंगवलेला. कुठल्या फरश्या खोट्या ते आता मला पण आठवत नाही.

पाऊस मात्र नडला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पीओपी वाळेचना. हॅलोजन लावले, पंखे लावले, तरी मागच्या कोपऱ्यात बुरशी धरली. प्रोड्युसर बघायला आले आणि काळजीत पडले, मी आनंदात. पावसाळ्यातल्या घराच्या न्हाणीघराची भिंत तशीच असते, ती बुरशी मी कोणाला पुसू दिली नाही, फक्त वर वास येऊ नये म्हणून स्प्रे मारला.

एजिंगचं, म्हणजे नवं सामान वापरलेलं दाखवायचं, ते सांगतो कारण त्यातच मजा आहे. पॉलिश पेपर, तारेचा घासणा, काजळी, गेरू, मुलतानी माती, व्हॅसलीन, सामान एवढंच. पण कुठं लावायचं ते माणसावरनं ठरतं. आजींकडनंच कळलं की त्यांचे सासरे गादीवर बसून डोकं मागं टेकायचे, तिथं भिंतीवर तेलाचा गोल डाग पडलेला आणि दर वर्षी चुना मारला तरी दिवाळीपर्यंत तो परत वर यायचा. मी ते तसंच्या तसं उचललं. आजोबांचं काम करणाऱ्या नटाला टेप घेऊन गादीवर बसवला, डोकं टेकवायला लावलं, पेन्सिलीनं खूण केली, आणि तिथं खोबरेल तेल हातानं चोळलं. दाराच्या चौकटीला हात लागतो ती जागा गुळगुळीत. माठाखालची भिंत ओली. देवघराच्या वर काजळी. लाईटच्या काळ्या बटणाभोवती बोटांचे ठसे. पण त्याच भिंतीवर रेडिओचं शेल्फ नवंकोरं, कारण स्टोरीत रेडिओ नुकताच घेतलाय, आणि शेजारी पोस्टातनं काढलेलं रेडिओचं लायसन्स बुक, तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं. ते पण नवंकोरं. पेंटर सवयीनं त्यावर पण चहाचं पाणी मारायला निघाला होता, त्याला ओरडून थांबवला.

गावातल्या गल्लीत एका भिंतीवर निवडणुकीचं चित्र हवं होतं. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसचं चिन्ह गायवासरू. सीन ऑगस्टमधला, म्हणजे मार्चमध्ये गेरूनं काढलेलं चित्र दोन महिन्याच्या पावसानं निम्मं धुतलेलं हवं. आधी नीट काढलं आणि मग पाईपनं पाणी मारून धुतलं. गाय राहिली, वासरू गेलं. गावातली माणसं जमून बघत होती, एक जण म्हणाला, "काढायचं आन पुसायचं, ह्याचं पैशे मिळत्यात व्हय?" मिळतात, पण उशिरा.

आणि गूळ. दुकानात थप्प्या लागलेल्या दिसायला हव्यात. खरा गूळ लावला तर पावसाळी हवेत पाझरतो, माश्या, मुंग्या, गांधीलमाश्या, आणि खर्च. म्हणून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांकडनं प्लास्टरचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओतून घेतले, पोकळ, पिवळ्या-तांबूस छटा दर रव्याला वेगळ्या, कारण प्रत्येक गुऱ्हाळाचा, प्रत्येक काहिलीचा (रस आटवायच्या कढईचा) रंग वेगळा उतरतो. पुढची ओळ फक्त खऱ्या गुळाची, वासासाठी पण. रिहर्सलला हमाल झालेल्या पोरांनी पोकळ रवे उचलले आणि तिथं सल्लागार म्हणून बसलेले यार्डातले एक म्हातारे हमाल हसायलाच लागले. "तीस किलो असं उचलत्यात व्हय, कंबर कुठं गेली?" त्यांनी उठून दाखवलं, गुडघा आधी, मग मांडी, मग खांदा, आणि श्वास सोडायची एक ठरलेली जागा. मग ठरलं, जे रवे उचलायचे ते खरे तीस किलोचेच, थप्पीतले खोटे. पोरं पॅकअपला माझ्याकडं बघत पण नव्हती.

काही आर्टवाले अभिमानानं सांगतात की आम्ही न उघडणाऱ्या ड्रॉवरमध्ये पण सामान भरलं. मला ते पटत नाही. पैसे मोजके असतात, ते जिथं हात जातो तिथं घालावेत. चोपड्या लाल कापडात बांधलेल्या भरपूर रचल्या, पण आतनं लिहिली फक्त एकच, जी बाप उघडतो ती, त्यात रोजमेळाच्या नोंदी असिस्टंटनं यार्डातल्या जुन्या चोपडीवरनं उतरवल्या. बाकीच्यांत कोरे कागद. बजेट कापायची वेळ आली (येतेच, आणि पहिली कात्री आर्टलाच लागते) तेव्हा पण मी सगळीकडनं थोडं थोडं कापलं नाही, वरची माडीच काढून टाकली. माडीवरचे सीन डिरेक्टरनं चौकात आणले. सगळं थोडं थोडं स्वस्त केलं की सगळंच स्वस्त दिसतं.

शूट सुरू झाल्यावर माझं काम निम्मं संपतं आणि असिस्टंटचं दुप्पट होतं. प्रत्येक टेकनंतर कप कुठं होता, समईतली वात केवढी होती, याचे फोटो. आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी म्हणतं, कॅमेरा जरा इकडं फिरवूया, आणि इकडं म्हणजे जिथं सेटच नाही. तेव्हा एक पोपटी दार, एक पडदा आणि भिंतीचा सुटा पॅच तयार ठेवलेला असला की वाचतो माणूस. मी प्रत्येक सेटला एक जादा पॅच बांधतोच, बजेटमध्ये तो कशाखाली दाखवतो ते सांगणार नाही.

पॅकअपनंतर सेट लगेच खाली करायचा होता, पुढचं बुकिंग होतं. दारं सामानवाल्याकडं परत गेली, त्यानं एका चौकटीला नवीन खिळ्याचं भोक सापडलं म्हणून डिपॉझिटमधनं पैसे कापले, आणि वर ते दार आता "फिल्ममधलं" म्हणून जास्त भाड्यानं देतो. फ्लॅट एका मालिकेवाल्यांनी घेतले, निळ्या चुन्यावर पांढरा मारून त्यांचं हॉस्पिटल झालं. खरा गूळ हमालांनी वाटून नेला. पोकळ रवे कोणालाच नको होते, ते अजून आमच्या माडीवर आहेत आणि आई रोज विचारते कधी नेणार. माझा शेवटचा हप्ता यायचाय, फोन केला की म्हणतात राहिलेलं डबिंग झालं की बघू.